गोमटेश्वराचा मराठी लेख आणि अधू अभ्यासक

श्रवणबेळगोळ येथील ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा लेख वाचकांस सुपरिचित आहे. त्याच्या काळाविषयीं मतभेद आहेत. पण तेथें पोंचण्यास विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, याविषयीं मतभेद संभवत नाहीं. शिवाय पादत्राणें पायथ्याशींच काढावयाचीं; ज्याचें चालणें विशिष्ट जोड्यावर अवलंबून, त्याची गति तेथेंच खुंटते. आमचा डावा पाय बालपणापासून अधू, म्हणून आम्ही डोली केली. चौघांच्या खांद्यांवरून जिवंतपणीं जाण्याचा संकोच वाटला खरा. परंतु ठशावरून जें ध्यानांत येत नाहीं तें वर गेल्यावरच आलें. मूर्तीच्या एका बाजूस हा नागरी लेख, तर दुसऱ्या बाजूस चावुण्डरायाचेंच कर्तृत्व सांगणारे कानडी व तमिळ लेख आहेत. मराठी ओळ एकटी वाचावयाची नाहीं.