स्वेटरवर ‘वूलन’ लिहिलंय, पण आत लोकर आहे का? पनवेलहून थंडीच्या मुलखात निघण्याआधी हे वाचा

डिसेंबरातला रविवार. पहाटेच्या अंधारात ठाकूरवाडीहून कलावंतीण दुर्गाकडे ट्रेकर्सची रांग लागलेली असते. प्रबळमाची येईपर्यंत प्रत्येकाचा टी-शर्ट घामाने अंगाला चिकटलेला असतो. मग चहासाठी सगळे टेकतात, वारा सुटतो आणि पाच मिनिटांपूर्वी घाम पुसणारा माणूस चक्क कुडकुडायला लागतो. खरं तर कडाक्याची म्हणावी अशी थंडी तिथे नसतेच. थोड्या वेळात ऊन येतं आणि सगळे विसरून जातात.

पण हाच माणूस जानेवारीत केदारकंठाच्या ट्रेकला गेला, किंवा हिमबिबट्याचा फोटो मिळावा म्हणून स्पितीत जाऊन बसला, तर? तिथे सुटका करायला ऊन येईलच असं नाही. आणि अंगावर तोच सुती टी-शर्ट असेल, तर वरून कितीही महागडं जॅकेट चढवलं तरी आतला ओलावा आपलं काम करतच राहतो.

म्हणून थंडीचे कपडे घेताना फक्त ‘किती गरम आहे?’ एवढंच विचारून चालत नाही. ‘घामाने ओला झाल्यावर आणि मी थांबल्यावर हा कपडा काय करेल?’ हेही विचारावं लागतं.

थांबलं की थंडी का वाजते?

थंड देशांतल्या शिकाऱ्यांना हा प्रश्न फार जुना आहे. आधी बर्फातून तासभर चालायचं, घाम काढायचा आणि मग एका जागी न हलता तासन् तास बसायचं. युरोप-अमेरिकेत शिकारीच्या कपड्यांमध्ये लोकरीला आजही मान आहे, तो यामुळेच.

आपल्याकडे शिकारीचा विषय कायद्यानेच संपवला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाने काढून होणाऱ्या हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. कायद्यातली ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. प्राणी पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची घरटी किंवा अंडी फोडणं हे सगळं त्यात येतं. मुरूडजवळचं फणसाड एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं, १९८६ पासून ते अभयारण्य आहे. पनवेलच्या दारात असलेलं कर्नाळा १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखीव आहे. तिथे पहाटे लेन्स घेऊन बसणारी मंडळी शिकाऱ्यासारखीच दबा धरून बसतात, फक्त त्यांच्या हातात कॅमेरा असतो. त्यामुळे शिकाऱ्यांचं कपड्यांचं गणित आज वन्यजीव फोटोग्राफर आणि ट्रेकर यांना जसंच्या तसं लागू पडतं.

आता त्यामागचं विज्ञान. कपडे स्वतः उष्णता तयार करत नाहीत. धाग्यांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ऊब वाटते. कपडा भिजला की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुती कापड पाणी पितं, धाग्यांमधल्या पोकळ्या मिटतात आणि ओलं फडकं अंगाला चिकटून राहतं. आपल्या दमट उन्हाळ्यात सुती कपडा बरा वाटतो तो याच गुणामुळे. थंडीत तोच गुण उलटतो.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच लागतो असं नाही. ओले कपडे आणि वारा असेल, तर शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानातही तो होऊ शकतो. आधी जोरात कापरं भरतं, मग बोटांनी चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात. ग्रुपमधला कोणी असं वागायला लागला, तर ‘दमला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला आणि मदत मागवा. ऊब न मिळताच कापरं थांबलं, तर ती सुधारणा समजू नये. ती जास्त धोक्याची पायरी आहे.

लोकर वेगळी कशी?

लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो. त्यामुळे दाबला तरी तो पुन्हा फुलतो आणि हवा धरून ठेवतो. त्याचा बाहेरचा थर पाण्याचे थेंब सहज आत घेत नाही, पण घामाची वाफ मात्र आत शोषली जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प धरून ठेवू शकते आणि तरीही हाताला ओलीचिंब लागत नाही. बाष्प शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते.

हे सांगायला प्रयोगशाळा हवीच असं नाही. पावसाळा संपल्यावर घाटावरचे मेंढपाळ धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. त्यांच्या खांद्यावरची घोंगडी बघा. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं सूत, खड्डा मागावरची विणकर आणि वरून चिंचोक्याची खळ. मावळातल्या धुवांधार पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन माणसं शेतात राबली ती याच जोरावर. घोंगडी भिजते आणि भयंकर जड होते, पण अंगातली ऊब सोडत नाही.

मग घोंगडीच्याच लोकरीचा बनियन का शिवत नाहीत? कारण ती टोचते. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात आणि साधारण ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू त्वचेला बोचतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, तर कपड्यांना वापरतात ती मेरिनो लोकर बऱ्याचदा १७ ते २० मायक्रॉनची असते. म्हणजे ‘मला लोकर सोसत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांना जाड लोकर सोसत नसते. बारीक मेरिनोचा एखादा कपडा उघड्या मनगटावर दोन मिनिटं ठेवून पाहावा, लगेच कळतं.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. आपल्या बोलीत थंडीचा प्रत्येक कपडा ‘वूलन’ असतो. थंडीत रस्त्याकडेला लागणाऱ्या स्टॉलवरचे बरेचसे स्वेटर लुधियानाच्या कारखान्यांतून आलेले असतात आणि त्यातले कितीतरी अॅक्रिलिकचे असतात. अॅक्रिलिक हा कृत्रिम धागा आहे. दिसायला लोकरीसारखा, धुवायला सोपा आणि स्वस्त. पनवेलच्या थंडीला तो पुरून उरतो, त्यात वाईट काही नाही. फक्त लोकरीचे पैसे मोजून तो घेऊ नये.

म्हणून कॉलरवरचं नाव नंतर, आधी आतल्या शिवणीतलं लेबल. तिथे धाग्यांची टक्केवारी दिलेली असते. ‘वूल ब्लेंड’ म्हटलं की त्यात लोकर किती टक्के, हे विचारायचं. ‘वूल-टच’, ‘वूल-फील’ असले शब्द दिसले तर समजून घ्यावं. लोकरीच्या धाग्यांचं गुंडाळं असावं तसं दिसणारं ‘वूलमार्क’ हे चिन्ह १९६४ पासून वापरात आहे. शंभर टक्के नव्या लोकरीसाठी वेगळं आणि मिश्रणासाठी वेगळं चिन्ह असतं, तेवढा फरक बघावा.

घरी जुना स्वेटर असेल, तर आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. खाली पाण्याची वाटी ठेवा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत लवकर विझते आणि बोटांनी चुरडता येईल अशी राख उरते. अॅक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही थोडं थोडं दिसतं. दुकानात मात्र हा प्रयोग नको.

‘थर्मल’ या शब्दावरही जाऊ नका. बाजारातल्या कितीतरी थर्मलमध्ये सुती धागा भरपूर असतो. घरात, ऑफिसात ते छान, पण बर्फातल्या चढणीसाठी तेच नेमकं नको.

सगळंच लोकरीचं घ्यायचं का?

नाही. बजेट मर्यादित असेल, तर पैसे अंगाला चिकटणाऱ्या थरावर खर्च करा. मेरिनोचा एक पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लोकरीचे मोजे, इतकंही पुष्कळ फरक पाडतं. मेरिनोच्या टी-शर्टला काही हजार रुपये पडतात, हे खरं आहे. लेबलवर १५०, २०० किंवा २५० असा जीएसएमचा आकडा दिसेल. चालणं जास्त असेल तर १५० ते २००, बसणं जास्त असेल तर २५०. वरचं जाड जॅकेट बऱ्याच ट्रेकच्या ठिकाणी भाड्याने मिळतं, आतला टी-शर्ट मात्र स्वतःचाच हवा.

पैसे नसतीलच, तर पॉलिस्टरचा बेस लेयर आणि वर फ्लीस घेऊनही चांगलं निभावतं. पॉलिस्टर लोकरीपेक्षा लवकर वाळतं आणि टिकतंही जास्त. मात्र दोन दिवसांत त्याचा वास तंबूभर पसरतो. लोकर न धुता अनेक दिवस चालते. शिवाय कृत्रिम कापड शेकोटीच्या ठिणगीने वितळून भोक पडतं, लोकर वितळत नाही. फोटोग्राफरसाठी आणखी एक मुद्दा असा की नायलॉनचं जॅकेट हात हलवला की सळसळतं, लोकर गप्प असते.

लोकरीची एक मोठी उणीव म्हणजे वारा तिच्यातून आरपार जातो. ताडोबात सकाळच्या सफारीला उघड्या जिप्सीत बसलेल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. बाहेर १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर ते ६ अंशांसारखं वाटतं. म्हणून स्वेटरवर वारा अडवणारा एक पातळ थर हवाच. आणि दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. रक्तप्रवाह अडला की पाय उलट जास्त गार पडतात.

चढताना एक थर कमी ठेवा, सुरुवातीला किंचित थंडी वाजली तरी चालेल. थांबल्याबरोबर, म्हणजे थंडी वाजायच्या आधीच, तो थर पुन्हा चढवा.

एक लोकर जी कधीच घेऊ नये

काश्मीर-लडाखला गेल्यावर कोणी कानाशी लागून ‘शाहतूश’ दाखवली, तर तिथून निघा. पश्मिना वेगळी, ती पाळीव शेळीची असते आणि कायदेशीर आहे. शाहतूश येते चिरू या तिबेटी हरणापासून. तिचा तंतू १० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणूनच अख्खी शाल अंगठीतून जाते असं कौतुक व्हायचं. झुडपांना अडकलेले केस वेचून ही शाल बनते, अशी कथा विक्रेते वर्षानुवर्षं सांगत आले. जॉर्ज शॅलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिबेटच्या पठारावर जाऊन काम केल्यावर खरं काय ते जगापुढे आलं. ही लोकर मिळवण्यासाठी चिरू मारावाच लागतो आणि एका शालीसाठी तीन ते पाच जीव जातात. चिरू आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे असा व्यवहार केल्यास तुरुंगवास होऊ शकतो.

परत आल्यावर

पनवेलच्या दमट हवेत लोकरीला कसर लागायला वेळ लागत नाही. कपाटात टाकण्याआधी कपडा धुवा, कारण घामाचे आणि अन्नाचे डाग किडीला आधी सापडतात. थंड पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, ब्रश नाही, पिळणं नाही. गरम पाण्यात घुसळलात तर तोच टी-शर्ट धाकट्या भावाला होईल. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लांबतो. पूर्ण कोरडा झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा. गणपती झाल्यावर एकदा बाहेर काढून ऊन-वारा दाखवा, म्हणजे डिसेंबरच्या तिकिटांसोबत नवीन स्वेटरही काढायची वेळ येणार नाही.