नदीकाठी फिरण्याआधी वास मोजा

पुण्यात सदाशिव पेठेतून अलका चौक ओलांडून लकडी पुलाकडे निघालं, की उन्हाळ्यात मुठा नदी दिसण्याआधी तिचा वास येतो. पुलाखालचं पाणी काळपट. काठच्या गाळातून मधूनच बुडबुडे वर येतात आणि फुटतात. सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला, की गाळातले जीवाणू सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की चार दिवस सुटका, मग पुन्हा तेच.

महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठावर फिरण्याचे मार्ग व्हायचे आहेत. त्यातली साधारण १० किलोमीटर मुठा. झाडांवर, पुरावर, खर्चावर शहरात हिरिरीने वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. वासावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

वास ही किरकोळ तक्रार नव्हे. काठावर राहणारा खिडकी लावून घेतो. फिरायला येणारा मुद्दाम दीर्घ श्वास घेतो. तो येतो पहाटे किंवा तिन्हीसांजेला, आणि हिवाळ्यात नेमकी त्याच वेळी गार हवा नदीपात्रात बसून राहते. ऊन चढलं की ती हलते. त्यामुळे दुपारी बारा वाजता घेतलेल्या नोंदीवरून पहाटेच्या वासाबद्दल काहीच ठरवता येणार नाही.

मग मोजायचं कसं? यंत्रं आहेत, पण अनेक वायूंच्या मिश्रणाचा त्रास किती होतो हे शेवटी नाकच सांगतं. जर्मनीत रुळलेली पद्धत साधी आहे. नाकाची चाचणी घेऊन निवडलेला माणूस ठरलेल्या जागी दहा मिनिटं उभा राहतो, दर दहा सेकंदांनी हुंगतो आणि वास आला की नाही ते लिहितो. साठपैकी सहा वेळा आला, तर तो तास वासाचा धरतात. वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी हे केलं, की त्या जागेचं खरं चित्र हाती येतं. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधीबद्दल मार्गदर्शिका काढली; पण २००९ च्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही.

बांधकामाचाही वास असतो. वर्षानुवर्षं बसलेला गाळ उपसला की कोंडलेले वायू एकदम सुटतात. बंधाऱ्यांनी पाणी अडवायचं, तर त्यात आधी सांडपाणी येता कामा नये. नाहीतर संथ पाण्यात गाळ आणखी बसेल.

लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचं कामकाज अवघड झालं. त्यानंतर जोसेफ बाझलगेटने बांधलेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर लोक आजही फिरतात. त्या काठाच्या पोटातूनच सांडपाण्याची मोठी वाहिनी जाते. गटार आणि फिरायची वाट एकाच कामात झाली.

पुण्यातही जपानच्या अर्थसाहाय्याची मैलाशुद्धीकरण योजना आहे: ११ केंद्रं, रोज ३९.६ कोटी लिटर क्षमता. कर्जाचा करार २०१६ च्या सुरुवातीचा. मुठेकाठी फरशी बसवण्याआधी ही केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली पाहिजेत. आणि महापालिकेने लकडी पूल, ओंकारेश्वर, आंबिल ओढ्याचं मुख अशा ठिकाणी पहाटे आणि संध्याकाळी वास मोजून ते आकडे दर महिन्याला नागरिकांपुढे ठेवावेत.