राज्याभिषेक लंडनचा, हुकूम करवीरचा

१९०२ च्या जूनमध्ये लंडन सजले होते, देशोदेशीचे पाहुणे येऊन दाखल झाले होते, आणि सोहळा दोन दिवसांवर आला असताना सातव्या एडवर्डवर शस्त्रक्रिया करावी लागली. अपेंडिक्सचे दुखणे विकोपाला गेले होते. २६ जूनचा राज्याभिषेक लांबला, तो थेट ९ ऑगस्टला झाला.

या सोहळ्यासाठी कोल्हापूरचे शाहू छत्रपती विलायतेला गेले होते. मधल्या दिवसांत, २६ जुलैला, करवीर सरकारच्या गॅझेटात त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. मागासलेले कोण, हेही मोघम ठेवले नव्हते: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सगळे. ज्या कचेरीत हे प्रमाण कमी असेल तिथे पुढची नेमणूक याच वर्गांतून व्हायची, आणि केलेल्या नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तिमाहीला हुजुरास पाठवायचा. हुकूम काढून राजा मोकळा झाला नाही, अंमलावर नजर ठेवण्याची सोयही त्यानेच करून ठेवली. त्या उन्हाळ्यातल्या मेजवान्या आणि मिरवणुका आज कोणाच्या लक्षात नाहीत. हा हुकूम मात्र महाराष्ट्राच्या आयुष्यात मुरला.

ब्रिटिश राजघराण्याच्या समारंभांना मराठी मुलुखाने दिलेले उत्तर त्याआधीही सरळ टाळ्यांचे नव्हते. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, तेव्हा दख्खनेत दुष्काळ पडला होता. त्या दरबारात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातसुताच्या कपड्यांत जाऊन उभे राहिले. वीस वर्षांनी, २२ जून १८९७ ला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या काळातला संताप त्यामागे होता.

मग १९११. पंचम जॉर्ज २ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. हिंदुस्थानच्या भूमीवर पाय ठेवणारे हे पहिलेच राज्यावर असलेले ब्रिटिश सम्राट. ब्रिटनचे मुकुट देशाबाहेर न्यायचे नाहीत, म्हणून दिल्लीच्या दरबारासाठी खास नवा मुकुट घडवला. १२ डिसेंबरला संस्थानिक एकेक करून मुजऱ्याला आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून निघाले. मोठा गहजब झाला, त्यांना खुलासा द्यावा लागला.

अपोलो बंदरावर तेव्हा तात्पुरते बांधकाम होते. आज तिथे उभ्या असलेल्या गेटवे ऑफ इंडियाचा पायाच ३१ मार्च १९१३ ला घातला गेला आणि काम पुरे झाले १९२४ ला. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून निघून गेली.

सहाव्या जॉर्जचा दिल्ली दरबार झालाच नाही. एलिझाबेथच्या १९५३ च्या राज्याभिषेकाला भारताचे पंतप्रधान नेहरू हजर होते, एका प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी म्हणून.

एलिझाबेथचे पुत्र युवराज चार्ल्स २००३ मध्ये मुंबईत चर्चगेट स्टेशनाबाहेर डबेवाल्यांना भेटले होते. मावळातल्या या मंडळींनी ओळख जपली. त्यांच्यातले रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे एप्रिल २००५ मध्ये चार्ल्स यांच्या लग्नाला गेले. ६ मे २०२३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. तेलाभिषेकाचा विधी पडद्याआड झाला, राणीच्या मुकुटात कोहिनूर नव्हता. या राजासाठी डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचे उपरणे भेट म्हणून घेतले. दरबारात नजराणा पेश करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणाचीच नव्हती.