कुटुंबाच्या पाठोपाठ वेस्ट इंडीज बेटांत

संस्कृतांत पत्नीला 'अनुगामिनी' म्हणण्याची रूढि आहे. त्याच शब्दाचें 'अनुगामी' हें पुल्लिंगी रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु 'पति' या अर्थानें तें कोणीं योजिल्याचें निदान माझ्या वाचनांत नाहीं. तें आचरणांत आणण्याचा योग मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, म्हणजे २०२३ सालच्या जुलै महिन्यांत आला. भारताचा क्रिकेटसंघ त्या वेळीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर निघाला होता. सामन्यांच्या प्रक्षेपणाचें काम करणाऱ्या मंडळींनीं आमच्या कुटुंबास आंकडेवारी सांभाळण्यासाठीं बोलाविलें होतें. तिला सगळें जमण्यासारखें होतें. प्रश्न उरला तो जेवणाचा. नोकरीच्या आरंभीं दोन वर्षें मीं हातानें रांधून खाल्लें आहे. तेव्हां प्रेशर कुकर, मेतकूट आणि गोडा मसाला यांसह माझी नेमणूक झाली.

आमचें घर तीन भावांचें, एकत्र. थोरले दादा बाहत्तर वर्षांचे. घरांत शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "मुलाकडे परदेशीं जाऊन राहणारे पुष्कळ आहेत, पण बायकोच्या मिळकतीवर देशाटन करणारा आपल्या सात पिढ्यांत झाला नाहीं." विमानाचें भाडें मी माझ्या फंडाच्या पैशांतून देणार होतों. तथापि बिऱ्हाड तिला मिळणाऱ्या खोलींत व्हावयाचें होतें, त्यामुळें त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. उत्तर दिलें तें आईनें. तिचें वय नव्वदीच्या घरांत. हातांतील जपमाळ बाजूला न ठेवतांच ती म्हणाली, "याच्या बदल्या झाल्या तेव्हां तेरा वर्षांत ती पोर तीन गांवांच्या विहिरींचें पाणी प्यायली. ती कोणाच्या मिळकतीवर फिरते, हें तेव्हां कोणीं विचारलें नव्हतें." विषय तेथें थांबला, मिटला असें मात्र नाहीं.

कोंकणांतील त्या तीन शाळांनंतर आम्ही मुंबईस येऊन दादरला स्थिरावलों. मुलगा शाळेच्या संघांत खेळूं लागला. एका सामन्यास गुणलेखक आला नाहीं, म्हणून मैदानाच्या कडेला विणकाम करीत बसलेल्या हिच्या हातीं वही देण्यांत आली, ती आजतागायत सुटलेली नाहीं. चाळिशींत तिनें गुणलेखकांची परीक्षा दिली आणि कांगा लीगचे सामने लिहिले. ही स्पर्धा १९४८ सालापासून मुद्दाम भर पावसाळ्यांत खेळतात. त्यामुळें एका हातीं छत्री धरून दुसऱ्या हातानें कोरडी नोंद करण्याची विद्या तिला चांगली अवगत आहे.

या विद्येची कल्पना सामना पाहणाऱ्या बहुतेकांस नसते. तिच्या पद्धतींत एका षटकास एक ओळ. डाव्या अंगास गोलंदाजांचे रकाने, उजव्या अंगास फलंदाजांचे, आणि ओळीच्या अखेरीस त्या क्षणापर्यंतची सर्व बेरीज. अमुक चेंडू कोणीं, कोणास, किती वाजण्याच्या सुमारास टाकला, हें त्यावरून पन्नास वर्षांनींहि काढतां येतें. आतां संगणक हें सर्व करतो. तरी ही कागद सोडीत नाहीं. विल्यम फर्ग्युसन नांवाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९०५ पासून कित्येक दशकें निरनिराळ्या संघांबरोबर जगभर हिंडले. ते गुणलेखनहि करीत आणि संघाच्या सामानाची व्यवस्थाहि पाहत. आमच्याकडे त्यांच्या कामाची वांटणी झाली होती. लेखन तिच्याकडे, सामान माझ्याकडे.

आतां बेटांविषयीं. मीं कित्येक वर्षें भूगोल शिकविला. परंतु वेस्ट इंडीज नांवाचा देश नकाशांत दाखवा, असें कोणा विद्यार्थ्यानें म्हटलें असतें तर पंचाईत झाली असती, कारण असा देश नाहीं. जमेका, बार्बाडोस, त्रिनिदाद, अँटिग्वा, डॉमिनिका, सेंट लुसिया हीं सर्व आपापल्या ध्वजाचीं स्वतंत्र राष्ट्रें. गयाना तर बेटहि नव्हे. तो दक्षिण अमेरिकेच्या भूमीवरचा देश. जमेकाचें किंग्स्टन आणि गयानाचें जॉर्जटाऊन यांमधील अंतर सवादोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. १९५८ सालीं इंग्रजांच्या ताब्यांतील यांपैकीं दहा वसाहतींचें एक संघराज्य स्थापन झालें होतें. जमेकानें १९६१ च्या सार्वमतांत अंग काढून घेतलें, पाठोपाठ त्रिनिदादहि बाहेर पडला, आणि १९६२ च्या मे महिन्यांत तें संघराज्य विसर्जित झालें. क्रिकेटचा संघ मात्र १९२८ सालीं पहिला कसोटी सामना खेळला तो अद्याप एकच आहे. सहा निरनिराळीं मंडळें मिळून तो पाठवितात, आणि राष्ट्रच नसल्यामुळें सामन्यापूर्वीं राष्ट्रगीताच्या जागीं डेव्हिड रडर या त्रिनिदादच्या गायकाचें एक गीत वाजतें.

हा सर्व इतिहास प्रवाशास विमानतळावर पायांनीं शिकावा लागतो. एका बेटावरून उडून तासाभरांत दुसऱ्यावर उतरावें, तों पुनः पारपत्राची रांग, पुनः जकातवाला, पुनः नवें चलन. डॉमिनिकेंत पूर्व कॅरिबियन डॉलर, बार्बाडोसांत बार्बाडोसचा, त्रिनिदादमध्यें त्रिनिदादचा. २००७ सालीं विश्वचषक स्पर्धा तेथें झाली, तेव्हां दहा देशांनीं तीन-साडेतीन महिन्यांपुरता एकच सामाईक प्रवेशपरवाना काढून आपसांतील सीमा जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. राजकारणी पुरुषांस जें साधलें नाहीं तें क्रिकेटनें साधलें; पण स्पर्धा संपतांच रांगा पुनः लागल्या. अशाच एका रांगेअखेर आमची मेतकुटाची पिशवी एका विमानकंपनीनें दुसऱ्याच बेटावर धाडल्याचें कळलें. ती दोन दिवसांनीं परत आली. मेतकूट शाबूत होतें.

पहिला कसोटी सामना डॉमिनिकेची राजधानी रोझो येथें होता. विमानतळ बेटाच्या एका टोंकास, आणि तेथून राजधानीपर्यंतची वाट डोंगर व दाट अरण्यें यांतून तासाभराहून अधिक वेळ वळसे घेत जाते. आपला आंबा घाट आठवावा. फक्त प्रत्येक वळणानंतर समुद्र. २०१७ च्या सप्टेंबरांत मारिया नांवाच्या चक्रीवादळानें हें बेट झोडपून काढलें. सहा वर्षांनंतरहि कोठें कोठें छपरें नसलेल्या भिंती उभ्या दिसल्या. क्रीडांगण गांवाच्या मधोमध, चीन देशाच्या साहाय्यानें बांधलेलें, आणि पाठीशीं हिरवे डोंगर. सकाळीं दहाला खेळ सुरू होई तेव्हां आमच्या घरीं संध्याकाळचे साडेसात वाजलेले असत.

माझा दिनक्रम असा ठरला. पहाटे स्वयंपाक, नंतर बाजार, आणि उपाहाराच्या सुट्टींत डबा घेऊन मैदानाच्या दरवाजाशीं हजर होणें. चाळीस मिनिटांच्या त्या सुट्टींत तिला जागा सोडतां येत नसे. बेरजा ताडून पाहावयाच्या असत. पहिल्या दिवशीं द्वारपालानें मला अडविलें, दुसऱ्या दिवशीं झांकण उघडून वास घेतला, आणि तिसऱ्या दिवशीं 'आज काय?' म्हणून विचारलें. त्यास थालिपीठाचा तुकडा दिला. तो त्यानें विचारपूर्वक खाल्ला.

बाजारांत मला अळू भेटलें. तिकडे त्यास डॅशीन म्हणतात. त्याच्या पानांचें 'कालालू' नांवाचें दाट सूप हें या बेटांचें आवडतें पक्वान्न. शाकाहारी प्रवाशानें मात्र सावध असावें, कारण त्यांत पुष्कळदां खेंकडा असतो. विकणाऱ्या वृद्ध बाईस मीं खुणांनीं व मोडक्या इंग्रजींत विचारलें कीं, घसा खवखवूं नये म्हणून तुम्ही काय घालतां? ती म्हणाली, पुष्कळ वेळ शिजवितों. आम्ही चिंच घालतों, हें ऐकून तिला मोठें नवल वाटलें. त्या दिवशीं डब्यांत अळूची पातळ भाजी होती. शेंगदाणे नव्हते, उणें तेवढेंच.

सामना तीन दिवसांतच आटोपला. यशस्वी जयस्वाल या एकवीस वर्षांच्या मुलानें पहिल्याच कसोटींत १७१ धावा केल्या आणि अश्विननें दोन डावांत मिळून बारा बळी घेतले. जयस्वाल नव्वदींत असतांनाच हिनें निवेदकाकडे चिठ्ठी सरकवून ठेविली होती : पदार्पणांत शतक करणारा सतरावा भारतीय, आणि परदेशांत तसें करणारा पहिलाच भारतीय सलामीवीर. शतक पूर्ण झालें, सर्व लोक उभे राहिले. ही मान खालीं घालून तो चेंडू लिहीत होती. आझाद मैदानावर तिनें कित्येक शालेय सामने लिहिले आहेत. भदोहीहून मुंबईस आलेला हा मुलगा त्याच मैदानावरील तंबूंत राहून खेळ शिकला. खोलीवर आल्यावर तिनें मला विचारलें, "त्याचें शतक तुम्हीं पाहिलें ना? कसें दिसलें?"

तेथून आम्ही त्रिनिदादला गेलों. भदोहीचा उल्लेख मीं उगीच केला नाहीं. गुलामगिरी बंद झाल्यावर ऊंसाच्या मळ्यांत मजूर मिळेनात, तेव्हां इंग्रजांनीं कराराच्या बोलीवर हिंदुस्थानांतून माणसें नेण्यास आरंभ केला. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें जहाज त्रिनिदादला लागलें, आणि १९१७ पर्यंत १ लक्ष ४३ हजारांहून अधिक माणसें त्या बेटावर उतरलीं. आपल्याकडचे लोक त्यांत फारसे नव्हते. बहुतेक बिहार आणि काशीच्या आसपासच्या जिल्ह्यांतले, कलकत्ता बंदरांतून चढलेले. बौधायनाच्या धर्मसूत्रांत पतनास कारण होणाऱ्या कर्मांची यादीच समुद्रयानापासून सुरू होते. या लोकांनीं तो समुद्र महिनेच्या महिने ओलांडला आणि एका जहाजांत आले म्हणून परस्परांस 'जहाजी भाई' म्हटलें; जात बरीचशी वाटेंतच गळली. भाषाहि आतां गेली आहे. पण तुलसीदासाचें रामायण गेलें नाहीं, आणि पूजा झालेल्या प्रत्येक घरापुढें कळकाच्या काठीवर रंगीत 'झंडी' फडकते. तेथें 'सहीना' म्हणून एक पदार्थ विकतात. अळूच्या पानांस डाळीचें पीठ लावून तळलेला. अळूवडी! चिंच येथेंहि असते, पण वरून, चटणीच्या रूपानें.

दुसरा सामना पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर झाला. दोन देशांमधील हा शंभरावा कसोटी सामना. याच मैदानावर १९७१ सालीं वाडेकरांच्या संघानें वेस्ट इंडीजला पहिल्यानें हरविलें आणि गावसकर प्रथम कसोटी खेळले. परंतु त्रिनिदाद म्हटलें कीं मला आठवतात ते सुभाष गुप्ते. १९५३ सालीं भारताचा संघ प्रथमच या बेटांवर आला, तेव्हां मुंबईच्या या लेगस्पिन टाकणाऱ्या तरुणानें पांच सामन्यांत २७ बळी घेतले. आणि याच दौऱ्यांत त्यांची त्रिनिदादच्या एका युवतीशीं ओळख झाली. तिच्याशीं त्यांनीं पुढें विवाह केला. १९६१ च्या अखेरीस दिल्लीच्या हॉटेलांत, त्यांच्या खोलींतील सोबत्यानें तेथील एका नोकरस्त्रीस दूरध्वनीवरून कांहीं विचारलें. तिनें तक्रार केली. आणि मंडळानें दोघांसहि संघांतून वगळलें. गुप्त्यांचा दोष एवढाच कीं ते त्या खोलींत राहत होते. ३६ सामन्यांत १४९ बळी घेतलेला, सोबर्सनें आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत सर्वश्रेष्ठ मानलेला हा गोलंदाज बत्तिसाव्या वर्षीं संपला. ते पत्नीच्या देशांत गेले, तेथेंच संसार केला, आणि ३१ मे २००२ रोजीं तेथेंच वारले.

हें सर्व मीं रात्रीं दादांस दूरध्वनीवरून सांगितलें. दादा घरीं बसून पहाटे तीनपर्यंत सामने पाहत असत, हें मला पुतण्याकडून कळलें होतें. गुप्ते हें त्यांच्या बालपणचें दैवत. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, "कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यानें एका डावांत नऊ घेतले होते. धावा किती दिल्या?" मला ठाऊक नव्हतें. आमच्या घरांत थोरले दीर धाकट्या भावजयीशीं सहसा थेट बोलत नाहींत. निरोप माझ्या किंवा वहिनींच्या तोंडीं जातो. "तिला दे," दादा म्हणाले. हिनें पदर सांवरला, यंत्र कानाशीं धरलें आणि वही न उघडतां सांगितलें, "एकशें दोन. १९५८ सालीं." त्यानंतर दोघें अश्विनविषयीं अकरा मिनिटें बोललीं. मी कुकर घांसला.

सामन्याचा शेवटचा दिवस पावसानें धुऊन नेला. एकहि चेंडू पडला नाहीं आणि सामना अनिर्णित राहिला. दुसऱ्या दिवशीं हिला मोकळीक होती. वॉटरलू नांवाच्या गांवीं समुद्रांत एक शिवमंदिर आहे, तें पाहावयास आम्ही गेलों. शिवदास साधू नांवाच्या करारी मजुरानें समुद्रकिनारीं मंदिर बांधलें होतें. जमीन साखर कंपनीची म्हणून १९५२ सालीं तें पाडण्यांत आलें आणि साधूस चौदा दिवस तुरुंगांत घातलें. सुटून आल्यावर त्यानें विचार केला कीं, जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कोणाचा नाहीं! मग ओहोटीच्या वेळीं सायकलीवरून दगड व बादल्या नेऊन तो चिखलांत भर घालूं लागला, आणि अनेक वर्षें एकट्यानें खपून त्यानें समुद्रांत वाट व मंदिर उभें केलें. त्याच्या मागें लाटांनीं तें खाल्लें. हिंदी लोकांच्या आगमनास दीडशें वर्षें झालीं, त्या सुमारास तें पुनः नीट बांधण्यांत आलें. आतां तेथवर पक्की वाट आहे, शेजारीं दहनभूमि, आणि दोहों बाजूंस झंड्या.

आम्ही गेलों तेव्हां ओहोटी होती. मीं महिम्न म्हटलें. ही कठड्याशीं उभी राहून दूरवर पाहत होती. काय मोजीत होती, मीं विचारलें नाहीं. बाहेर येतांना एका गाड्यावर 'डबल्स' घेतले. गव्हाच्या पिठाचे दोन मऊ 'बारा' आणि मध्यें चण्याची उसळ, निर्धास्त खावें. गाडीवाल्यानें पैशांसाठीं माझ्यापुढें हात केला. त्रिनिदादचे डॉलर तिच्या भत्त्याचे, तिच्या पिशवींत होते. तिनें दिले, आणि मला तिखट चटणी आणखी थोडी हवी आहे, हेंहि तिनेंच त्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बार्बाडोसचें विमान होतें.