एकाखालीं एक

संगणकाची भाषा शिकणारीं मुलें आतां पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या अभ्यासांतील एक लहानशी गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींनींही समजून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. पायथन ही भाषा गिदो व्हान रॉसम यांनीं नेदर्लंड्समध्यें रचिली; १९९१ सालीं ती प्रथम लोकांपुढें आली. (नांवाचा अजगराशीं संबंध नाहीं, तें एका इंग्रजी विनोदी मंडळीवरून घेतलें आहे.)

समजा, मोठ्या कुटुंबांत आज घरीं न जेवणाऱ्यांची यादी संगणकावर ठेविली आहे. नुसतें ‘प्रिंट’ म्हटल्यास ती चौकटी कंस, अवतरणचिन्हें व स्वल्पविराम यांसह एकाच ओळींत उमटते. नांवें एकाखालीं एक हवीं असल्यास ‘फॉर’चें आवर्तन घालावें, ही रूढ रीत; तिला दोन ओळी लागतात.

२००८ सालीं भाषेची तिसरी आवृत्ति निघाली आणि तींत प्रिंट हें साधें विधान न राहतां फंक्शन झालें. त्यामुळें एका ओळींत काम भागूं लागलें. प्रिंटच्या कंसांत यादीच्या नांवाआधीं तारका घालावी, मग स्वल्पविराम देऊन ‘सेप’ म्हणजे विभाजक सांगावा: अवतरणचिन्हांत उलटी तिरपी रेघ व तिला जोडून ‘एन’ हें अक्षर. ही नव्या ओळीची खूण. तारका यादीची मोट सोडते, व नांवें सुटीं होऊन प्रिंटच्या हातीं पडतात. ‘जॉइन’चीही एक रीत आहे, पण ती केवळ अक्षरमालांस चालते, यादींत आंकडा आला कीं अडून बसते. कित्येक हुशार मुलें नवी यादी घडविण्याच्या कंसांतच प्रिंट कोंबतात. त्यानें छपाई होते खरी, पण एक निरुपयोगी यादी उगाच तयार होते. ही चलाखी आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

तारकेची रीत आम्हांस आवडते. मात्र सगळेच घरीं जेवणार असले व यादी रिकामी असली, तर फॉर कांहींच छापीत नाहीं. तारका व जॉइन या दोन्ही रीतींनीं मात्र एक कोरी ओळ छापली जाते, कारण प्रिंट शेवटीं ओळ बदलल्यावांचून राहत नाहीं. वाचणाऱ्या माणसास तिचें कांहींच वाटत नाहीं. परंतु तीच छपाई ओळी मोजणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे गेली, तर तो एक माणूस जेवावयास नाहीं असें धरील आणि एक पान कमी मांडलें जाईल! यादी रिकामी नाहीं ना, हें आधीं ‘इफ’नें पाहतां येतें, पण मग फॉरपेक्षां लिहिणें कांहीं कमी होत नाहीं. म्हणून डोळ्यांपुढें पाहावयाच्या छपाईस आम्ही तारका योजूं, आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या हातीं द्यावयाच्या छपाईस जुना फॉरच.