आधी हिशोब दाखवा!

निवडणुकीचा मोसम आला की आपल्या इथल्या घरांत दोन गोष्टींचा पूर येतो: पोस्टाच्या पेटीत गुळगुळीत पत्रकं आणि टीव्हीवर जाहिराती. घोगरा आवाज, काळपट चित्र आणि प्रतिस्पर्ध्याचा शोधून काढलेला सर्वांत वाईट फोटो. मुलं विचारतात, "हा माणूस एवढा वाईट, तर त्याला उभं कसं राहू देतात?" काय सांगणार?

तशी जहाल भाषा आपल्याला नवी नाही. आचार्य अत्र्यांच्या सभांचे किस्से ऐकतच आपण वाढलो. आणि टीका म्हणजे काही चिखलफेक नव्हे. इंजिनिअर असल्यामुळे मला पुलाचं उदाहरण सुचतं. टेंडरच्या वेळी एक कंत्राटदार म्हणाला, "त्याचा पूल पडेल," तर आपण म्हणू, "हिशोब दाखवा." त्यानं दाखवला, तर उपकारच झाले. पण तो म्हणाला, "त्याचं खानदानच तसलं," तर त्याला दारातूनच नमस्कार!

खरी पंचाईत होते ती खऱ्याच्या आड भीती लपवली की. मॅसॅच्युसेट्समध्ये कैद्यांना काही दिवस रजेवर सोडण्याची योजना होती. खुनाची शिक्षा भोगणारा विली हॉर्टन रजेवर गेला तो परतलाच नाही, आणि १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये त्यानं एका जोडप्यावर भयंकर अत्याचार केले. त्या राज्याचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस १९८८ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे होते. थोरल्या बुशसाहेबांच्या बाजूच्या एका गटानं हॉर्टनचा फोटो टीव्हीवर झळकवला. घटना खरी होती आणि डुकाकिसना जाब विचारणंही रास्त होतं. पण योजना १९७२ मध्ये एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली, हे गाळलं गेलं. त्या कृष्णवर्णीय चेहऱ्यानं गोऱ्या मतदारांच्या मनात जी भीती पेरली, तिला हिशोब नव्हता. बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी १९९१ मध्ये, मरणाच्या दारात असताना, त्या प्रचारातल्या क्रूरपणाबद्दल डुकाकिसांची जाहीर माफी मागितली. पण निवडणूक केव्हाच होऊन गेली होती.

मग कायदा काय करतो? इथे उमेदवाराची जाहिरात टीव्ही स्टेशनला काटछाट न करता दाखवावी लागते. २००२ च्या कायद्यानं फेडरल उमेदवारावर "ही जाहिरात मला मान्य आहे" असं स्वतः सांगण्याचं बंधन आलं, एवढंच. भारतात १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा जास्त कडक आहे. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं बोललं तर निवडून आलेल्याची निवडसुद्धा रद्द होऊ शकते. तरी तिकडचा प्रचार कसा चालतो, ते आपण पाहतोच!

म्हणजे शेवटी गाडी माणसावर येऊन थांबते. सन २००० मध्ये साउथ कॅरोलायनात जॉन मॅकेन यांच्याविरुद्ध कुजबुज झाली, की त्यांना अनैतिक संबंधातून झालेली काळी मुलगी आहे. ती मुलगी त्यांनी बांगलादेशातून दत्तक घेतलेली होती. मॅकेन तिथे हरले. पुढे १० ऑक्टोबर २००८ रोजी मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना 'अरब' म्हणाल्या. मॅकेननी माईक परत घेतला आणि सांगितलं, की ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत. अरब असणं हा दोष नाही, हेही ते म्हणाले असते तर अधिक बरं झालं असतं. पण स्वतःच्याच लोकांची हुर्यो सोसून ते तेवढं तरी बोलले.

कसोटी इथेच आहे, मंडळी. विरोधकाचं खोटं आपल्याला लगेच दिसतं. आपल्या बाजूचं खोटं मात्र आपण हसतहसत व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतो. सिटिझन झालेल्यांच्या हातात मत आहे. ग्रीनकार्डवाल्यांना ते नसलं, तरी तो मेसेज पुढे न पाठवण्याचा हक्क त्यांनाही आहेच. तेव्हा आपल्या आवडत्या उमेदवारालाही विचारू या, "पूल पडेल म्हणता? मग आधी हिशोब दाखवा!"