तिसऱ्या अंकात दडलेला वायू

लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नायट्रोजनची घनता मोजायला घेतली, तेव्हा त्यात काही नवं सापडेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. काचेच्या एकाच गोळ्यात, ठरावीक तापमानाला आणि दाबाला वायू भरायचा आणि तोलायचा, एवढंच काम. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्याने शोषून घेतल्यावर उरलेल्या नायट्रोजनचं वजन भरलं २.३१०३ ग्रॅम. तांब्याऐवजी तापलेलं लोखंड वापरलं, तर २.३१००. पण नायट्रस ऑक्साइडपासून बनवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला, की वजन यायचं २.२९९०.

फरक अकरा मिलिग्रॅमचा, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दोनच सार्थ अंक ठेवले असते, तर सगळी उत्तरं २.३ आली असती आणि विषय तिथेच संपला असता.

सार्थ अंक म्हणजे मोजमापातले खात्रीचे अंक आणि त्यांच्या जोडीला शेवटचा एक अंदाजाचा. अकरावीच्या प्रयोगशाळेत हे रोज दिसतं. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात. द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणून दोन खुणांमधली जागाही वाचायची असते. पातळी बरोबर खुणेवर असली तरी ९.७ नव्हे, ९.७० लिहायचं. ते शून्य शोभेचं नाही; पुढचा अंकही पाहिला आहे, असं ते सांगतं. १०.० मिलिलिटर आम्लाला ०.१०० मोलर अल्कली ९.७० मिलिलिटर लागली, तर आम्लाची संहती काढताना कॅल्क्युलेटर ०.०९७ दाखवतो आणि शेवटचं शून्य गिळून टाकतो. उत्तर ०.०९७० असंच लिहायला हवं. उलट ९.७० ला ३ ने भागलं, की तोच ३.२३३३३३३३ दाखवतो. त्यातले बहुतेक अंक कुणी मोजलेलेच नसतात. वहीत ते जसेच्या तसे उतरवणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं, असं मला वाटतं.

रॅलेंचे अंक मात्र कमावलेले होते. निर्वात केल्यावर काचेचा गोळा किंचित आकसतो आणि त्यामुळे वजनात चूक येते, हेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. म्हणूनच तिसऱ्या अंकातली तफावत त्यांना हाताची चूक म्हणून सोडून देता आली नाही. आधी हवा आणि अमोनिया यांपासून नायट्रोजन मिळवण्याच्या पद्धतीत फरक हजारात एक भाग एवढाच दिसला होता, कारण त्यातला बराचसा नायट्रोजन हवेतलाच होता. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरताच तो जवळपास पाचपट झाला.

पुढे विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. शेवटी थोडा वायू उरला, तो कशाशीच संयोग पावेना. १८९४ मध्ये दोघांनी नव्या मूलद्रव्याची घोषणा केली: अरगॉन, हवेचा जवळपास एक टक्का. हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्येच हवेतल्या नायट्रोजनचा असा एक बुडबुडा उरलेला दिसला होता. तो १/१२० भागाहून जास्त नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवली होती.